मिरजेचं हंसप्रभा नाट्यगृह

जुनीमिरज

मिरजेत आज जिथे बालगंधर्व नाट्यमंदिर आहे, त्या जागेवर पूर्वी हंसप्रभा नावाचं नाट्यगृह होतं. १९०५ सालच्या गुरुद्वादशीला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, किर्लोस्कर नाटक मंडळीच्या 'शाकुंतला'त नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, हा सतरा वर्षांचा मुलगा शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभा राहिला, तो इथे. बालगंधर्वांचं नाव सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. हंसप्रभाचं नाव मात्र मिरजेतल्याच नव्या पिढीला सांगावं लागतं, म्हणून हा धागा.

एरवी हा प्रसंग दोन ओळींत उरकला जातो. शाहू महाराजांनी नारायणचं गाणं ऐकलं, त्याला कानाचं दुखणं होतं म्हणून उपचाराला मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात धाडलं, तिथे किर्लोस्कर मंडळीचा मुक्काम होता, गाठ पडली, झालं. ऐकताना वाटतं, निव्वळ योगायोग. मला तसं वाटत नाही. त्या काळात हे घडायचं तर मिरजेतच घडणार होतं, आणि कसं ते नीट सांगायला हवं.

आधी कंपनीचं बघा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, तिथून संगीत नाटकाचं युग सुरू झालं. अण्णासाहेब १८८५ सालीच गेले. पण भाऊराव कोल्हटकर होते तोवर कंपनीला चिंता नव्हती. शकुंतला भाऊरावांची, सुभद्रा भाऊरावांची. १९०१ साली भाऊराव गेले आणि कंपनीचा कणाच मोडला. नाटकं लावायची, पण ज्या आवाजासाठी लोक रात्र रात्र बसायचे तो आवाज कुठून आणायचा? चार वर्षं मंडळी नायिका शोधत गावोगाव हिंडत होती.

आता मिरज बघा. गाव लहान, पण गाडी थांबणारं. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या हॉस्पिटलमुळे लांबलांबचे रुग्ण इथे येऊन राहत. गादीवर श्रीमंत गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन, गाण्याबजावण्याचे शौकीन. गावात सतारी आणि तंबोरे बनवणारी घरं. पलुसजवळचं नागठाणे हे राजहंसांचं मूळ गाव, तेही याच कृष्णाकाठचं. दवाखाना, स्टेशन, दरबार, वाद्यांची गल्ली आणि नाटकगृह हे सगळं जिथे पायी फिरण्याइतक्या अंतरात होतं, तिथे नायिका शोधणारी कंपनी आणि गाणारा मुलगा समोरासमोर येणार नाहीत तर कुठे येतील?

हंसप्रभा एकटं उभं नव्हतं. गाव त्याला टेकून होतं आणि ते गावाला.

जंक्शन

सुरेख लिहिलंय. स्टेशनचा मुद्दा जरा वाढवतो, आमच्या घरात तीन पिढ्या रेल्वेत काढल्यात.

पुण्याहून निघालेली सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज सातारा रोडवरून मिरजेला येई आणि तशीच पुढे बेळगाव, धारवाड, हुबळीकडे जाई. १८९१ साली मिरजेतून कोल्हापूरचा फाटा निघाला. आता या गावांची नावं एका ओळीत लिहा: पुणे, सातारा, मिरज, सांगली, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, हुबळी. हीच संगीत नाटक कंपन्यांची फिरती! बैलगाडीच्या काळात चार गावं करायला जेवढा हंगाम लागायचा, तेवढ्यात रेल्वेने अख्खा दौरा व्हायचा.

कंपनीचा पसारा म्हणजे काही दोन ट्रंका नव्हेत. रंगवलेले पडदे बांबूवर गुंडाळून आणायचे, ते जिन्यातून वळतही नाहीत. देखाव्यांचे फ्लॅट, कपड्यांच्या पेट्या, दागिन्यांची पेटी, पायाने भाता मारायची पायपेटी, तबले, वर आचारी आणि त्याची भांडी. पन्नाससाठ माणसांचं बिऱ्हाड. हे सगळं एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवायचं म्हणजे जंक्शनला मुक्काम पडायचाच. मुक्काम पडला की रिकामं बसून भत्ता खाण्यापेक्षा दोनचार खेळ लावलेले बरे. जंक्शनच्या गावाला नाटकगृह हवंच असतं ते यासाठी.

पुढे १९२७ साली बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज पंढरपूरहून मिरजेपर्यंत आली, तेव्हा तर पंढरपूरकडचा प्रेक्षकही जोडला गेला.

हरिपूरवाला

एक नाव राहिलं, आणि ते आमच्या गावचं आहे: गोविंद बल्लाळ देवल. सांगलीशेजारच्या हरिपूरचे. १८९९ साली 'शारदा' लिहिणारे देवल हे नुसते नाटककार नव्हते, कंपनीचे तालीममास्तर होते. नारायणच्या गळ्याला काही शिकवायची गरज नव्हती, पण गळा म्हणजे नट नव्हे. चालायचं कसं, पदर सावरायचा कसा, सासरी निघालेल्या मुलीने बापाकडे बघायचं ते किती वेळ, हे सगळं तालमीतून आलं. बालगंधर्वांच्या अभिनयात जो संयम लोकांनी पुढे डोक्यावर घेतला, त्याचं मूळ देवलांच्या शिस्तीत आहे असं माझं ठाम मत आहे.

आणि देवलांच्याही मागे जायचं तर सांगली. १८४२ साली कारवारकडच्या कर्कीची भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना सांगितलं, असं काहीतरी आपल्या भाषेत करा. ५ नोव्हेंबर १८४३ ला 'सीता स्वयंवर' झालं. म्हणून तर ५ नोव्हेंबर आपला रंगभूमी दिन. मराठी नाटकाची नाळ कानडी खेळाशी जोडलेली आहे आणि ती जोडली गेली आमच्या या दहाबारा किलोमीटरच्या टापूत. किर्लोस्कर तरी कुठले? बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. हंसप्रभात बसणारा प्रेक्षक दोन्ही भाषा कळणारा होता, हे विसरून चालणार नाही.

पूर्वा_सं

वाचनखूण साठवली. अजून लिहा.

जवारी

वाद्यांची गल्ली म्हटल्यावर ऱ्हावलं न्हाई. आमचं घराणं सतारीचं न्हवं, पण शेजार सगळा तोच. फरीदसाहेब शिकलगारांनी इथं तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली, ती १८५०च्या सुमाराला. शिकलगार म्हंजे मुळात हत्याराला धार लावणारी माणसं. लढाया संपल्या, तलवारीला गिऱ्हाईक ऱ्हायलं न्हाई, आन् त्याच हातांनी तंबोरा धरला. आज मिरजेच्या सतारीला आन् तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालंय, २०२४ ला.

तंबोऱ्याची जवारी, म्हंजे तारंचा घुमारा, कशी काढत्यात ते बसून बगितलंय म्हनून सांगतो. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, वाळवून कडक केलेला. त्येच्यावर तबली म्हंजे लाकडी झाकन, तबलीवर तारा टेकायची घोडी. घोडीचा वरचा माथा सपाट दिसतो, पण त्येला केसाएवढा उतार आसतोय. कारागीर कानस फिरवतो, फुंकर मारतो, तार छेडतो. परत कानस. मग तारंखाली सुताचा दोरा सरकवतो, इकडं जरा, तिकडं जरा. एका जागी आल्यावर तार एकदम उमलती, खोलीभर आवाज उभा ऱ्हातो. दोरा तिळाएवढा हलला तर गेली. ह्ये काम डोळ्यानं व्हत न्हाई, कानानं व्हतं. म्हातारे कारागीर तर नजर गेल्यावर बी जवारी काढायचे.

गावात आसले कान आसतील तर नाटकगृहातल्या प्रेक्षकाला फसवनं सोपं न्हाई. मिरजंत बेसूर गानारा टिकत न्हवता असं म्हातारी मानसं सांगायची, त्येचं कारन ह्ये.

जुनीमिरज

जवारी, तुमचा प्रतिसाद हा या धाग्याचा खरा ऐवज आहे. विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, तेही याच दरबाराच्या आश्रयाने. विनायकबुवा पटवर्धन मिरजेचेच, आणि ते पुढे बालगंधर्वांच्या कंपनीत नट म्हणूनही होते. शेवटच्या काळात अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात त्यांचं देहावसान झालं, पण त्यांना मूठमाती दिली ती मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्यात. उरुसाला तिथे गाणी होतात, नवरात्रात अंबाबाईच्या देवळात होतात. दर्गा आणि देऊळ या दोन्ही जागा आजही गाण्याने भरतात. तिसरी जागा नाटकगृहाची होती.

स्वराली

करीम खाँसाहेबांचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट सांगते, ती मला नेहमी विलक्षण वाटत आलीय.

१९०५. दिवाळीच्या तोंडावर हंसप्रभात एक मुलगा साडी नेसून शकुंतला झाला. त्याच वर्षी, काही महिने आधी, मे महिन्यात, याच मिरजेत अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांच्या पोटी एक मुलगी जन्माला आली. ती म्हणजे हिराबाई बडोदेकर. स्त्रीने मैफलीत बसून गावं, तिकीट लावून गावं आणि घरंदाज श्रोत्यांनी ते मानाने ऐकावं, हा पायंडा पाडणाऱ्यांत हिराबाई अगदी पुढे होत्या. पुढे हिराबाई आणि त्यांच्या भावंडांनी स्वतःची नाटक मंडळी काढली, आणि नाटकातल्या स्त्रीभूमिका स्त्रियांनीच कराव्या हे हिराबाईंनी करून दाखवलं.

म्हणजे पुरुषाने स्त्री साकारण्याची परंपरा ज्या गावात कळसाला जायला निघाली, त्याच गावात त्याच वर्षी ती परंपरा संपवणाऱ्यांपैकी एक पाळण्यात होती. मला यात कुणा एकाचा जय दिसत नाही. बालगंधर्वांनी शालू, शेला, अंबाड्यातली फुलं इतक्या आदराने रंगमंचावर नेली की घराघरातल्या बायका त्यांच्यासारखं नेसायला लागल्या. त्यामुळे प्रेक्षकाची नजर बदलली. त्या बदललेल्या नजरेसमोर हिराबाई उभ्या राहिल्या. दोघांचा धागा मिरजेतून निघतो.

पडद्यामागे

मी हौशी नाटकात नेपथ्य आणि प्रकाश करतो, त्यामुळे माझं लक्ष दुसरीकडे जातं. त्या काळच्या नाटकगृहात वीज नाही. किट्सनचे म्हणजे पंपाने पेटणारे रॉकेलचे दिवे, त्यांचा भपकारा, पंप मारायला एक माणूस कायम उभा. दिव्यातली जाळी विरली तर चालू प्रवेशात दुसरा दिवा आणायचा. नटाच्या तोंडाला सफेदा इतका जाड का लावत, ते अशा उजेडात काम करून बघितल्याशिवाय कळत नाही.

ध्वनिवर्धक तर नव्हताच! शेवटच्या बाकावरच्या माणसापर्यंत शब्द पोचायचा तो नुसत्या फेकीवर. आणि इथे ज्या मुलाला मुळात कानाचा त्रास, त्याने सूर लावायचा. खेळ रात्री सुरू व्हायचा तो पहाटेपर्यंत. नांदी व्हायची, सूत्रधार यायचा, मग नाटक. 'वन्स मोअर' पडला की पद पुन्हा, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या जागा घेऊन. लोक चादरी, डबे घेऊन येत. आजचं दोन तासांचं नाटक बघून हंसप्रभातल्या रात्रीचा अंदाज येणार नाही. तिथे माणसं नाटक बघायला कमी आणि गाण्यात राहायला जास्त जात.

पुढे बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत थिरकवाँसाहेब तबल्याला, कादरबक्ष सारंगीला अशी साथ असायची. एवढ्या तोलामोलाची साथ त्या काळी बड्या मैफलीत मिळायची नाही. त्या थाटाची सुरुवात मात्र एका छोट्या गावातल्या साध्या नाटकगृहात झाली.

कृष्णाकाठ

लेख आवडला, एका बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे. नवीन नाट्यगृहाला बालगंधर्वांचं नाव दिलं हे उत्तमच झालं. ज्याच्यामुळे जागेला महत्त्व आलं त्याचं नाव द्यायचं, हीच आपली रीत. हंसप्रभा हे नाव मागे पडलं याचं एवढं वाईट वाटून घ्यावं असं मला वाटत नाही. पुण्यातलं आनंदोद्भव तरी कुणाला आठवतं? 'शाकुंतल' आठवतं.

जुनीमिरज

कृष्णाकाठ, नाव बदललं याला माझाही विरोध नाही. बालगंधर्वांचं नाव तिथेच शोभतं. पण नुसत्या माणसाचं नाव राहिलं की पुढच्या पिढीला वाटतं, मोठा कलावंत होता, त्याच्या स्मरणार्थ सभागृह बांधलं, जसं कुठल्याही शहरात बांधतात. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर आहेच की. मग मिरजेच्या नाट्यमंदिराचं वेगळेपण कशात? तर ते त्याच जमिनीवर आहे यात. हंसप्रभा हा शब्द गेला की हे वेगळेपण जातं.

तुम्ही आनंदोद्भवचं उदाहरण दिलंत, ते मला उलट बाजूने पटतं. बुधवार पेठेतून रोज हजारो लोक जातात, आणि संगीत नाटक या पेठेत जन्मलं हे त्यांच्यापैकी बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसतं. पुण्याकडे बाकी पुष्कळ आहे, त्याला हे परवडतं. मिरजेला परवडणार नाही.

करवीर

कोल्हापूरकर म्हणून बोलतो. आमचं पॅलेस थिएटर शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलं. पुढे त्याला गायक नट केशवराव भोसल्यांचं नाव दिलं गेलं. नाव बदललं, पण वास्तू तीच राहिली, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी पॅलेस थिएटरही राहिलं आणि केशवरावही राहिले. शेजारी खासबाग मैदान. कुस्ती आणि नाटक भिंतीला भिंत लावून.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री बघ्यांच्या गर्दीत नाटकाशी कधीच संबंध न आलेली माणसं रडताना दिसली. रिक्षावाले, भाजीवाले. शाळेच्या गॅदरिंगला कधीतरी त्या स्टेजवर उभे राहिलेले सगळेच. सकाळ व्हायच्या आत लोक म्हणत होते, होतं तसंच बांधा.

हंसप्रभा गेलं तेव्हा असं कुणी रडलं असेल का, हा विचार धागा वाचताना आला. आग लागली की नुकसान एका रात्रीत दिसतं. हळूहळू जाणाऱ्या जागेसाठी गाव एकत्र येत नाही.

बाकी केशवराव आणि बालगंधर्व यांनी १९२१ च्या जुलैत मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' केलं. त्यातला एक कोल्हापूरचा आणि एकाची सुरुवात मिरजेची. दोन्ही गावांच्या मधे अंतर पन्नास किलोमीटरसुद्धा नाही.

रीळ

हळूहळू जाणाऱ्या जागांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. माझा विषय सिनेमा, म्हणून त्या बाजूने लिहितो.

मार्च १९३१ मध्ये 'आलम आरा' आला, फेब्रुवारी १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा'. प्रभात कंपनी तर १९२९ साली कोल्हापुरातच निघालेली, म्हणजे बोलपटाचं वादळ मिरजेपासून हाकेच्या अंतरावर उठलं. नाटकगृहाच्या मालकाचं गणित सोपं होतं. नाटक कंपनीला पन्नास माणसं पोसायची, ती महिन्यातून मोजके खेळ करणार. चित्रपटाला डबे आणि ऑपरेटर, रोज दोनतीन खेळ. संगीतही तिकडेच गेलं. ज्या गाण्यासाठी लोक रात्र जागत ते आता चार आण्यात आणि घरी झोपायच्या वेळेला मिळायला लागलं. गावोगावच्या नाटकगृहांची थिएटरं झाली, थिएटरांची टॉकीज झाली. स्वतः बालगंधर्वांना कर्जापायी १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त उभं राहावं लागलं.

आणि मग टॉकीजवरही तीच पाळी आली. व्हीसीआर, केबल, मग रिळांच्या जागी उपग्रहावरून येणारं चित्र. प्रोजेक्टर भंगारात किलोवर गेले. जत्रांमधल्या तंबूतल्या टुरिंग टॉकीजसुद्धा, पुसेगाव-म्हसवडकडच्या, बघता बघता संपल्या. ज्यांनी हंसप्रभासारख्या जागांना मागे टाकलं, त्या जागांचेही आज असेच धागे निघतायत.

हरिपूरवाला

रीळ, अगदी खरं. एक मात्र सांगायला हवं. कंपन्या संपल्या तरी या भागाने बालगंधर्वांना सोडलं नाही. सांगलीच्या नाट्यविद्यामंदिर समितीने भावे गौरव पदक सुरू केलं, तेव्हा पहिलं पदक त्यांनाच दिलं.

स्वराली

मग करायचं काय? नुसतं हळहळून उपयोग नाही.

जुनीमिरज

करण्यासारखं बरंच आहे आणि त्याला सरकारी निधी लागत नाही.

पहिलं म्हणजे कागद. मिरज, सांगली, हरिपूर, कुरुंदवाड, इचलकरंजी इथल्या जुन्या घरांत नाटकांची हँडबिलं हमखास असतात. कुणी मुद्दाम जपलेली नसतात. ट्रंकेच्या तळाला अंथरलेली असतात, देवाच्या फोटोमागे पुठ्ठा म्हणून घातलेली असतात, जमाखर्चाच्या वहीला कव्हर म्हणून चढवलेली असतात. हँडबिलावर नाट्यगृहाचं नाव, तिथी, तिकिटाचे दर आणि पात्रांची यादी एका जागी मिळते. एखाद्या नाटकगृहात काय काय झालं हे सांगणारा इतका भरवशाचा कागद दुसरा नाही. वाड्यांची वाटणी होते, घर पाडायला काढतात, तेव्हा हेच पहिल्यांदा रद्दीत जातं.

कागद मिळाला तर एवढं पाळा. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका, कागद कायमचा जातो. घडी जोराने उलगडू नका. सावलीतल्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कारण मागच्या बाजूला कुणीतरी किराण्याचा हिशेब लिहिलेला असतो आणि त्यावरून साल लागतं. कडा फोटोत पूर्ण येऊ द्या. छापखान्याचं नाव अगदी तळाला बारीक टाइपात असतं, ते कापलं जाता कामा नये.

दुसरं, माणसं. ज्यांनी जुन्या वास्तूत पाय ठेवलेला आहे अशा आजी-आजोबांजवळ बसा आणि फोनवर आवाज टिपून घ्या. "नाटक कसं होतं" असं विचारू नका, त्यावर सगळे "फार छान" म्हणतात. दरवाजा कुठल्या बाजूला होता, बायका कुठे बसायच्या, बाहेर काय विकायला असायचं, पाऊस आला की पत्र्यावर किती आवाज व्हायचा, असं विचारा. उत्तरं आपोआप लांबतात.

जवारी, तुमच्या शेजारच्या कारागिरांपासून सुरुवात करूया का? रविवारी सकाळी दुकानं उघडायच्या आधी मी गल्लीत येतो.

जवारी

या की. नऊच्या आत या, मग गिऱ्हाईक सुरू हुतंय. दोघं म्हातारे हायेत, दोघं बी बोलके. त्यातल्या एकाला कमी ऐकू येतंय, जरा मोठ्यानं बोलायला लागंल.